सखाहरीनं रॅम आणली

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गृहस्थ होता. सांगितलेलं काम इमानेइतबारे करायचा, आणि तिथंच सगळं बिघडायचं.

त्याची बायको कलावती लग्नांचं शूटिंग करणार होती. पहिलीच ऑर्डर आली, तीही पोलीसपाटलांच्या मुलीच्या लग्नाची! ही जमली तर पुढं दहा मिळतील, नाहीतर कॅमेरा फडक्यात बांधून ठेवायचा. फिल्म तयार करायला तिनं घरीच कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं. सगळे सुटे भाग आले, राहिली फक्त रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी.

"अहो, जास्त वेगाची रॅम आणा," ती म्हणाली.

सखाहरीनं दुकानातली सगळ्यांत मोठ्या आकड्याची पट्टी आणली. कलावतीनं खोका वाचला न् कपाळावर हात मारला.

"नुसता वेग काय बघता? ही मागितलेलं द्यायला सुरुवात करायलाच किती वेळ खाते बघा! हाक मारली की लगेच ओ देईल, अशी बघायची असते."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

पट्टी तिनं स्वतः बदलून आणली आणि नवऱ्याला धाडलं जोडणारा माणूस आणायला. सखाहरी चौकात उभा राहून ओरडला, "कॉम्प्युटर जोडायला कोण येतंय?" जो सगळ्यांआधी "मी!" म्हणाला त्याला तो घेऊन आला. तो निघाला गवंडी. थापी घेऊनच आला होता बिचारा.

"अहो, जुना, अनुभवी बघावा! दहा वर्षं त्याच कामात राबलेला!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग रॅमची आणखी एक पट्टी हवी झाली. सखाहरीनं ती भंगारवाल्याकडून आणली.

"दहा वर्षं एका पतसंस्थेत राबलीय," तो कौतुकानं म्हणाला.

कलावतीला हसावं की रडावं कळेना. "अरे देवा! चपळ पट्टीशेजारी मठ्ठ लावली की दोन्ही मठ्ठाच्याच चालीनं चालतात. जोडी एकसारखी हवी. नसेल तर लावायच्या आधी परत करायची!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

शेवटी तिनंच जोडी आणली, जोडणाराही आणला, कॉम्प्युटर सुरू झाला आणि लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. भटजी म्हणाले, "हं, हार घाला."

नवरीनं झटकन हार घातला. नवरदेव हातात हार धरून नुसता उभा. भटजींनी पुन्हा सांगितलं.

तो म्हणाला, "कोणाला?"

सखाहरी तडक बोहल्यावर चढला न् नवरदेवाच्या गळ्यातला हार काढून घेतला.

"थांबा! जोडी जुळत नाही. पोरगी चपळ, हा मठ्ठ. आता दोघंही ह्याच्याच चालीनं चालणार. पाटील, लग्न पुरतं लागलं नाही तोवर परत करा!"

नवरीनं नवरदेवाकडं पाहिलं. तो अजून विचारच करत होता. तिनं शालू सावरला आणि सरळ खाली उतरली.

कलावतीनं कॅमेरा बंद केला न् ढसाढसा रडायला लागली.

"रडतेस काय, वेडे?" सखाहरी म्हणाला. "दुसरा नवरदेव मीच आणतो. आता मला सगळं कळलंय!"