सोनं खाणारं तेजाब

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यातल्या एका गावात शिदोजी नावाचा कारागीर राहत असे. पालखीच्या मोडक्या दांड्या, जुने कळस, तलवारींच्या झिजलेल्या मुठी, असं सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं लोक त्याच्याकडे आणत. शिदोजी ते तेजाबात टाकी. तेजाब तांबं खाऊन टाकी, सोन्याला मात्र शिवत नसे. पाणी हिरवंगार होई आणि सोन्याचे पापुद्रे तळाशी उरत.

ते पाणी गाळायचं काम भिवरा करी. ती एकटी बाई होती. बारा वर्षं तेजाबाची वाफ खाऊन तिचा आवाज बसला होता, नखं पिवळी पडली होती. पण तिच्या गाळण्यातून सोन्याचा कण कधी निसटला नव्हता.

तेजाब येई ते वैजनाथबाबांकडून. हे म्हातारे गृहस्थ तीन दिवसांच्या वाटेवर राहत आणि शोऱ्यापासून तेजाब गाळत. त्यांचं तेजाब पाण्यासारखं नितळ असे, पण महाग. त्यांनीच भिवराला एक परीक्षा शिकवली होती. चांदी विरघळवलेल्या पाण्याचा एक थेंब तेजाबात टाकायचा. तेजाब नितळ राहिलं तर चोख. दुधासारखं पांढरं झालं तर त्यात मीठ उतरलंय. ते सोन्याजवळ आणायचं नाही.

एका वर्षी गावाने देवीच्या देवळाचे जुने दरवाजे उतरवले. त्यांच्या पत्र्यांवर आजा-पणजांनी चढवलेलं सोनं होतं. ते सोडवून नव्या दरवाजांना लावायचं ठरलं. पाटलांनी शिदोजीला बजावलं, "देवीचं काम आहे. तेजाब चोख वापरा." शिदोजी म्हणाला, "पाटील, हे काय सांगायला हवं?"

पण त्याच आठवड्यात खाडीकडचा एक विक्रेता स्वस्त तेजाबाचे बुधले घेऊन आला आणि शिदोजीने ते घेतले.

भिवराने थेंब टाकून पाहिला. तेजाब पांढरंफटक झालं.

"दादा, हे नको," ती म्हणाली. "यात मीठ आहे."

"अगं, तांबंच तर खायचंय. तांब्याला कशाला एवढं उंची तेजाब?"

"बाबांनी सांगितलंय, हे सोन्याजवळ नेऊ नये."

"बाबा आपला माल खपवायला सांगणारच! सोन्याला तेजाब खात नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तू गाळायचं बघ."

पत्रे तेजाबात गेले. तांबं विरलं, पाणी हिरवं झालं. चौथ्या दिवशी तिने फडकं पसरून पाणी गाळलं. फडक्यावर चिमूटभर सोनं उरलं.

शिदोजीने पुन्हा गाळायला लावलं. पुन्हा तेवढंच.

संध्याकाळी पाटील आणि चार गावकरी आले. "बाकीचं सोनं कुठंय?" पाटलांनी विचारलं.

तेजाबाचा संशय शिदोजीला त्या क्षणी आला होता. पण तो बोलून दाखवायचा, तर हलकं तेजाब वापरल्याची कबुली द्यावी लागणार होती. तो खाली बघत म्हणाला, "गाळण्याला माझा हात लागत नाही, पाटील. ते भिवराचं काम."

सगळे भिवराकडे वळले.

"तेजाबानं खाल्लं," ती तिच्या बसक्या आवाजात म्हणाली. "सोनं या पाण्यात आहे. वैजनाथबाबांना बोलवा, ते दाखवतील. दादा, तुम्ही तरी सांगा ना!"

शिदोजीने तोंड फिरवलं. एक गावकरी हसला. "तेजाब सोनं खातं म्हणे! बाई, चोरी केलीस ती केलीस, वर आम्हाला वेडं ठरवतेस?"

तिचं झोपडं उकरलं. चूल फोडली. काहीच सापडलं नाही, तेव्हा लोक म्हणाले की बाई पक्की आहे. दुसऱ्या दिवशी तिला वेशीबाहेर घालवलं. देवीच्या चोरणीला आसपासच्या कुठल्याच गावाने काम दिलं नाही.

दोन वर्षांनी वैजनाथबाबा त्या गावावरून चालले होते. त्यांनी भिवराची चौकशी केली. लोकांनी सांगितलं ते ऐकून म्हातारा तडक शिदोजीच्या अंगणात आला. "ते पाणी कुठंय?"

पाण्यातलं तांबं पुढे-मागे काढू म्हणून शिदोजीने ते रांजणात भरून ठेवलं होतं. गावकरी जमले. "मीठ उतरलेलं तेजाब सोनंही खातं," बाबा म्हणाले आणि त्यांनी विरलेलं सोनं तळाशी बसवणारा हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पाण्यात विरघळवून रांजणात ओतला. हिरवं पाणी गढूळ झालं. दुपारपर्यंत तळाशी तपकिरी गाळ बसला. बाबांनी तो धुतला, मुशीत घालून भट्टीत तापवला आणि मूस उपडी केली.

पिवळंधमक सोनं बाहेर आलं. गावाचं सगळं सोनं.

शिदोजी तसाच अनवाणी निघाला. विचारत विचारत तो पाचव्या दिवशी नदीपलीकडच्या एका धर्मशाळेत पोचला. तिथली झाडणारी बाई म्हणाली, "ती खोकणारी होय? गेल्या थंडीत गेली. शेवटी शेवटी एकच म्हणायची, दादांना ठाऊक आहे, दादा सांगतील."

गावात परतल्यावर शिदोजीने देवळासमोर उभं राहून सारं खरं सांगितलं. पण ते जिला ऐकायचं होतं, ती ऐकायला उरली नव्हती. नव्या दरवाजांना सोनं चढलं. गावाला मात्र त्यांच्याकडे मान वर करून पाहवेना. शिदोजीकडे पुन्हा कुणी काम आणलं नाही, आणि आणलं असतं तरी त्याच्या हातून ते झालं नसतं.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये. पाण्यात विरलेलं सोनं परत काढता येतं, घालवलेलं माणूस परत आणता येत नाही.