दोन वळणांचा शंख

त्या किनाऱ्यावर कोणीही स्वतःचे घर बांधत नसे. तिथल्या खेकड्यांचे अंग मऊ होते, पाठीवर कवच नव्हते, म्हणून ते रिकाम्या शंखांत राहत. एकट्याला एका वळणाचा शंख पुरे. जोडप्याला दोन वळणांचा लागे. उधाणाच्या आधी शंख ओढत वरच्या खडकापर्यंत न्यायचा आणि पाणी उतरले की पुन्हा खाली आणायचा, एवढाच तिथल्या संसारातला मोठा खटाटोप असे. दोन वळणांचा शंख दोघांनी ओढायचा असतो. नरहर नावाच्या खेकड्याला हे त्याची बायको कृष्णी गेल्यानंतर कळले. तोपर्यंत त्याची अशी समजूत होती की ओढतो तो, आणि ती मागून हळू आवाजात नुसत्या सूचना करते.

ती गेल्यावर आलेले पहिले उधाण लहान होते. ते त्याने कसेबसे निभावले. पुढचे मोठे होते. शंख जागचा हलला नाही तर आतल्या खेकड्यासकट समुद्रात जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होते. पलीकडच्या खाडीतून मुलीचा निरोप आला, की बाबा, एवढे मोठे घर एकट्याला कशाला, ते द्या आणि लहान घ्या. व्यवहार तसा सोपा होता. नव्याने लग्न झालेले एखादे जोडपे यायचे, दोघांनी आपापले लहान शंख बाहेर ठेवून मोठ्यात शिरायचे, आणि त्या दोनांतला एक नरहरने घ्यायचा.

असे व्यवहार पूर्वापार धोंडूकाका नावाचे एक म्हातारे कासव जमवून देई. मोबदला म्हणून तो देणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून मोसमभर शेवाळ खाई. हे फार होते, असे सर्वांचे मत होते, कारण काम म्हणून त्याने केलेले काही दिसत नसे. गिऱ्हाईक शंखात शिरून घर बघे. घरधनी तोवर धोंडूकाकाच्या पोटाखाली बसून राही. धोंडूकाका नुसता उभा असे आणि अखंड बोलत असे, वाऱ्याविषयी, शेजाऱ्यांविषयी, कोणाच्या लग्नात कोण रुसले होते याविषयी. उभे राहण्याचे आणि बडबडीचे शेवाळ, असे लोक त्याला म्हणत.

नरहर आधी त्याच्याकडेच गेला. धोंडूकाकाने शंखाची चौकशी केली नाही. तो म्हणाला, "बस जरा. कृष्णीला नेमकं काय झालं होतं रे?"

नरहर उभ्यानेच म्हणाला, की नंतर येतो. तो पुन्हा गेला नाही.

त्याच सुमारास किनाऱ्यावर जेलीमासे आले होते. प्रत्येक डबक्यात एक तरी असे, आणि सगळे दिसायला सारखे, बोलायला सारखे. एका माशाला घर सांगितले की त्याचे चित्र त्या सर्वांच्या पोटात एकाच वेळी उजळे आणि दूरदूरच्या खाड्यांतून दिसे. यासाठी ते फक्त एक कोळंबी घेत. ती मात्र आधी द्यावी लागे, आणि घर गेले न गेले तरी परत मिळत नसे. "आमच्याकडे सगळं पारदर्शक," असे ते म्हणत, आणि ते खरे होते. त्यांच्या आरपार पलीकडची वाळू दिसत असे.

जेलीमाशाने नरहरला कृष्णीविषयी काही विचारले नाही. वळणे किती, तोंड कोणत्या दिशेला, आतून खरबरीत की गुळगुळीत, एवढेच विचारले. आतले वळण फार गुळगुळीत होते; एकाच पाठीने वर्षानुवर्षे घासून ते तसे झाले होते. नरहरने फक्त "गुळगुळीत" असे सांगितले. शेवटचा प्रश्न होता, रिकामा की राहता. तो स्वतः त्या क्षणी शंखातूनच बोलत होता. तरी त्याने "रिकामा" असे सांगितले. चित्र उजळले. ते इतके सुंदर होते की नरहरने मागे वळून आपला शंख पुन्हा एकदा पाहिला.

पहिले गिऱ्हाईक आले तेव्हा त्याच्या लक्षात आले की घर दाखवायचे म्हणजे आपण बाहेर यायचे. तो उघड्या अंगाने वाळूवर उभा राहिला. वरून समुद्रपक्ष्याची सावली सरकली, तसा तो धावत शेवाळाच्या झुबक्याखाली शिरला. नंतर त्याने जेलीमाशाला विचारले, की त्या वेळी बाहेर उभे कोणी राहायचे. उत्तर आले, की ते विकणाऱ्याकडे, तसे अटींमध्ये आहे. अटीही पारदर्शक होत्या, म्हणून त्या दिसल्या नव्हत्या.

पहिले गिऱ्हाईक दारातल्या उन्हाला नाक मुरडून निघून गेले. दुसऱ्याला वळण चित्रातल्यापेक्षा लहान वाटले. तिसरे जोडपे मात्र आत न शिरताच दारातून मागे फिरले. त्यातला नवरा रागावून म्हणाला, "आधीच सांगायचं ना, आत कोणी आहे म्हणून."

"कोणी नाही," नरहर शेवाळाखालून म्हणाला.

"मग घुमतंय काय?"

पुढची दोन गिऱ्हाइकेही हेच म्हणून परतली. आपले घर रिकामे असताना त्याच्या दाराशी उभे राहण्याची पाळी नरहरवर कधी आली नव्हती. तो आत तरी असे, नाही तर घाबरून शेवाळाखाली. त्याने डबक्यावर जाऊन तक्रार केली. तिथला मासा दुसराच होता. तो म्हणाला, "आपली अडचण आम्ही समजू शकतो. आपण कोण?"

जवळच्या खडकाला एक कालव जन्मापासून चिकटलेले होते. त्याला सगळे कालवकाकू म्हणत. तिने हे सारे पाहिले होते, कारण दुसरीकडे बघण्याची तिला सोय नव्हती. ती म्हणाली, "पूर्वी नाही हो कोणाला घुमलं. धोंडूच्या बडबडीत ऐकू काय जाणार?"

"आहे कुठे तो?"

"गेला. कोळंबीत काम होतंय म्हटल्यावर शेवाळ कोण घालील? दुसरा किनारा बघतो म्हणाला." मग ती म्हणाली, "तुमची आठवण काढली होती. नरहर नंतर येणार होता, म्हणाला."

उधाणाच्या दिवशी दुपारी शेवटचे जोडपे आले. दोघेही तरुण होते. त्यांनी आपले लहान शंख वाळूवर नीट शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा नरहरला वाटले की झाले. त्यातला डावीकडचा त्याला बरोबर बसला असता. मुलगी दारापर्यंत गेली आणि थांबली. तिने नवऱ्याला हाताने मागे सारले. मग ती शेवाळापाशी आली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, काकू आत आहेत का?"

नरहरला "नाही" म्हणता आले असते. तेवढे म्हटले असते तर घर गेले असते, कारण मुलगी विश्वास ठेवणाऱ्यांतली होती. तिने आणखी थोडी वाट पाहिली, मग दोघांनी आपापले शंख पाठीवर घेतले आणि पाणी चढण्याआधी ती दोघे वरच्या खडकाकडे निघाली.

नरहर शेवाळाखालून बाहेर आला. वर पक्ष्याची सावली फिरत होती. तिच्याकडे त्याने पाहिले नाही. तो आपल्या दाराशी गेला आणि पहिल्यांदाच बाहेरून कान दिला. आत, दुसऱ्या वळणापाशी, हळू आवाजात, न थांबता, कोणीतरी मागून काही सांगत होते. तो आत जाण्यासाठी पुढे झाला, तसा आवाज बुजला. तो मागे सरला, आवाज पुन्हा सुरू झाला. असे त्याने एकदा करून पाहिले, पुन्हा केले नाही.

पाण्याची पहिली जीभ वाळूवर आली. तिच्याबरोबर एक जेलीमासा वाहत आला आणि नरहरच्या पायाशी थांबला. उघड्या अंगाचा खेकडा बघून त्याने आपले पोट उजळले. पोटात दोन वळणांचा शंख होता, पश्चिमेकडे तोंड, आतून गुळगुळीत.

"आपण घर शोधताय, असं दिसतं," मासा म्हणाला. "हे बघा. रिकामं आहे. केव्हाही जाता येईल."

नरहरने ते चित्र बराच वेळ पाहिले. मग तो शंखापाशी आला, पाय पुसले, उंबऱ्यावर नांगीने दोनदा वाजवले, आणि आतून कोणी ये म्हणेपर्यंत बाहेर थांबून राहिला.