सशाची एकट्याची चढाई

कबड्डी माणसांच्या आधी प्राणी खेळत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका रानाने ठरवलं, यंदा चार संघांची साखळी स्पर्धा घ्यायची.

सभा भरली. रेडा अध्यक्ष झाला. कोल्हा लगेच म्हणाला, "मग मी कार्याध्यक्ष." माकड रुसून झाडावर जाऊन बसलं, म्हणून त्याला स्वागताध्यक्ष केलं. साळिंदराला दुखवायची कुणाची छाती होईना, म्हणून ते सल्लागार झालं. असं करत करत सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लागले.

स्पर्धेच्या दिवशी मैदान छान आखलं होतं, मंडपही गच्च भरला होता. पंच मुंगसाने शिट्टी फुंकली आणि मैदानात उतरला एकटा ससा. सभेच्या दिवशी तो तापाने झोपला होता, त्यामुळे त्याला पद मिळालं नव्हतं.

"बाकीचे खेळाडू कुठायत?" सशाने विचारलं.

"अरे, आम्ही खेळत बसलो तर स्पर्धा कोण चालवणार?" रेडा मंचावरूनच म्हणाला. "तू कर सुरू!"

बिचारा ससा 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या रिकाम्या अंगणात जाऊन परत आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग निकाल जाहीर झाला. उत्तम नियोजनाबद्दल चषक समितीलाच मिळाला. ससा दुसरा आला.