पाणीवाल्याच्या चार गाठी

एका गावात एक भोळा पाणीवाला होता. होता कसला, अजून आहे. तो मीच. गाव उंबरमाळ, नाव गेनू. गावाला नळानं पाणी सोडायचं काम माझं. आणि माझी बायको शेवंता विहिरीवर जाऊन दोरानं पाणी ओढायची, कारण मोटर म्हातारी. आठवड्यातले चार दिवस बंदच.

"गावाचा पाणीवाला माझा नवरा, आन् हाताला घट्टे माझ्या," ती म्हणायची.

मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. तालुक्याहून नवी मोटर मिळणार होती, पण आधी मोठे साहेब येऊन टाकी आणि पाणी बघणार होते. तोवर मला शिकवायला पाणीपुरवठा खात्याच्या टेकाळे मॅडम यायच्या. मी त्यांचा एकही शब्द वाया जाऊ दिला नाही. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

एकदा टाकीत बेडूक पडला. जंतू मारायची टीसीएल पावडर घरात होतीच. मी अख्खी पिशवी टाकीत उपडी केली. दुसऱ्या दिवशी गावातली सगळी धुणी पांढरी झाली. लाल लुगडीसुद्धा.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "गेनूभाऊ, खात्याकडून आलेलं असं थेट वापरायचं नाही. आधी बादलीत कालवायचं. अर्धा तास ठेवायचं. वरचं नितळ पाणी टाकीत सोडायचं, खालचा गाळ फेकून द्यायचा. लक्षात राहील?"

"उपरण्याला गाठच मारतो, मॅडम."

पुढच्या आठवड्यात खात्याकडून एक जाडजूड पुस्तक आलं. पाणीयोजना कशी चालवावी, चित्रांसकट. मी ते बादलीत कालवलं. अर्धा तास ठेवलं. वरचं नितळ पाणी टाकीत सोडलं आणि खालचा गाळ उकिरड्यावर फेकून दिला.

मॅडमनी पुन्हा कपाळाला हात लावला. "अहो, खात्याकडून आलेलं जपायचं असतं! कोरड्या खोलीत ठेवायचं, उन्हापासून लांब. वर कुलूप लावायचं."

मी दुसरी गाठ मारली.

मग मोटर दुरुस्त करायला खात्याकडून हणमंत मेस्त्री आले. भर उन्हात, घामानं चिंब. मी त्यांना पंपघरात नेलं, खोली कोरडी असल्याची खात्री केली, आणि बाहेरून कुलूप लावलं.

"अरे, दार उघड!" मेस्त्री ओरडले.

"ऊन लागंल तुम्हाला," मी म्हणालो.

संध्याकाळी सुटल्यावर मेस्त्री जे गेले, ते मोटरीला हात न लावताच गेले. ती कायमची बंद पडली. टाकीत टँकरचं पाणी पडू लागलं, तेही एक दिवसाआड. शेवंताच्या विहिरीवरच्या खेपा दोनाच्या सहा झाल्या. प्रत्येक खेपेला ती रिकामा हंडा माझ्यासमोर आपटायची.

मॅडम भडकल्या. "खात्याच्या माणसाला तुम्ही हात म्हणून लावायचा नाही! लांब उभं राहायचं. त्याचं काम त्याला करू द्यायचं."

तिसरी गाठ.

आणि साहेब आले. मॅडम शाळेतला नळ बघायला गेल्या. साहेब पाण्याचा नमुना घ्यायला जमिनीतल्या टाकीवर वाकले. पाय घसरला, आणि साहेब बाटलीसकट आत. पाणी कमरेइतकंच होतं, पण वर यायला शिडी नव्हती.

"अरे, हात दे!"

"मनाई हाये, साहेब." मी आणखी दोन पावलं लांब झालो.

"मग दुसरं काहीतरी कर!"

करायला हवंच होतं. तपासणीच्याच दिवशी टाकीत काहीतरी पडलं होतं. मला पहिली गाठ आठवली. मी बादली आणली, पावडर मोजून घेतली, नीट कालवली आणि घड्याळ बघत बसलो.

मॅडम आल्या. "साहेब कुठायत?"

"टाकीत हायेत. गडबड करू नका, अजून धा मिन्टं बाकी हायेत. या बारीला एक बी चूक नाही केली, मॅडम."

मॅडम टाकीकडे धावल्या आणि मदतीसाठी ओरडू लागल्या. आरडाओरडा ऐकून शेवंता विहिरीवरून दोर घेऊन धावत आली. तो टाकीत सोडून तिनं आणि मॅडमनी साहेबांना वर ओढलं.

साहेब धापा टाकत होते. त्यांचं लक्ष शेवंताच्या तळहातांकडे गेलं. "ताई, हे घट्टे कशाचे?"

"बंद मोटरीचे," शेवंता म्हणाली.

साहेबांनी ओल्या कपड्यांतच नवी मोटर मंजूर केली. जाताना माझ्याजवळ थांबले आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाले, "पाण्यात काही पडलेलं दिसलं, की आधी ते बाहेर काढायचं. ताबडतोब. कुणाला विचारत बसायचं नाही."

चौथी गाठ मी त्यांच्यासमोरच मारली. चांगली करकचून.

महिन्याभरात मोटर आली. मेस्त्रींनी ती बसवली तेव्हा मी गावात नव्हतो. मला मुद्दाम तालुक्याला नारळ आणायला पाठवलं होतं. मी परतलो तर गावात नुसता जल्लोष. नळाला धो धो पाणी! शेवंता दारातल्या नळाखाली हंडा लावून बसली होती. लग्नानंतर इतकी हसताना मी तिला पाहिलीच नव्हती. मला भरून आलं.

म्हटलं, मोटरीला नारळ वाढवावा. पंपघरात गेलो, मोटर नाही. विहिरीत डोकावलो.

मोटर पाण्यात पडली होती.

मी कुणाला विचारत बसलो नाही. शेवंताचा दोर तिथंच होता. गळ बांधून खाली सोडला, कप्पीवरून जीव खाऊन ओढला, आणि नव्या कोऱ्या मोटरीला बाहेर काढलं. ती जराशी घरघरली, जळका वास सुटला आणि गप्प झाली. ही मोटर पाण्यात बुडूनच चालते, असं त्या पुस्तकात चित्रासकट होतं म्हणे.

नळ थांबले. सगळं गाव विहिरीवर धावलं. सर्वांत पुढे शेवंता, कडेवर हंडा. तिनं मोटरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या उपरण्याच्या गाठी तिनं एकेक करून सोडल्या, चारही. मग हात पुढे केला.

"द्या तो दोर हिकडं. अर्धा हंडा भरायचा ऱ्हायलाय."