मार्जाबाईचं तळं

खाडीकडून वर आलात की हे तळं लागतं. चारही काठांवर साहेबाचं नाव कोरलंय, तरी गाव याला मार्जाबाईचं तळं म्हणतो.

हंपरी नावाचा टोपीकर, म्हणजे इंग्रज व्यापारी, साडेतीनशे वर्षांपूर्वी इथून मिरी पाठवायचा, असं सांगतात. अमाप श्रीमंत. गावासाठी त्याने धर्मशाळा बांधली, हे तळं खणलं. त्याची बायको मार्जरी रोज काठावर बसायची आणि गावाने वेशीबाहेर ठेवलेल्यांनाही आपल्या हाताने पाणी भरून द्यायची. हा भाग आमचे म्हातारे घाईघाईने उरकतात.

एकदा साहेबाने पाणी भरणाऱ्या एकीला विचारलं, "तळं कुणाचं?"

"बाईंचं."

"खणलं कुणी?"

"खणलंत तुम्ही, साहेब. पाणी घ्या म्हणाल्या त्या."

घरी त्याच्या दोन्ही मुलीसुद्धा 'आईचं तळं' म्हणत. ते त्याला जास्त झोंबलं. त्याने पहारा बसवला. आधी साहेबाचं नाव घ्यायचं, मगच घागर बुडवायची. बायका डोंगरावरच्या झऱ्याकडे वळल्या. ऊन चैत्राचं. मार्जरीनेही घागर उचलली आणि त्यांच्यामागून निघाली. पहारा उठेपर्यंत तळ्याचा थेंब तोंडात घेणार नाही, अशी तिने शपथ घेतली म्हणे. नवव्या दिवशी ती चढणीवर कोसळली.

साहेब स्वतः घागर घेऊन तळ्याकडे धावला. पहारेकरी हुकमाचा पक्का. आडवा आला. "नाव घ्या, साहेब."

साहेबाने सगळ्यांसमोर बायकोचं नाव घेतलं.

"हे चालत नाही."

"आता हेच चालेल. तू घरी जा."

ती प्यायली का? म्हातारे म्हणतात, प्यायली आणि बरी झाली. बायका म्हणतात, घागर पोचली तेव्हा ती गेली होती. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा, एवढं दोघांनाही मान्य आहे. तेव्हापासून त्या दिवशीची रीत पडली. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव मोठ्याने घेऊन घागर भरायची आणि त्याच्याच दारात नेऊन ठेवायची.

आजही बायका तसंच करतात. कुणी जावेचं नाव घेतं, कुणी सख्ख्या बहिणीचं. पुरुष मात्र शंकराचं नाव घेऊन घागर देवळात नेतात, जणू यांना शंकराचाच हेवा वाटतो. माझे वडील चाळीस वर्षं नेताहेत. देवळाच्या वाटेवर धाकट्या काकांचं दार लागतं. तिथे त्यांची घागर अजून एकदाही टेकलेली नाही.