नथ घातलेला पोपट

नदीकाठच्या एका गावात, कासारआळीच्या टोकाला, द्वारका नावाची एक कासारीण राहत असे. नवरा गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायचा, मणी विकायचा. पेटीच्या तळाशी जे उरलेसुरले मणी राहायचे ते द्वारकेच्या वाट्याला यायचे, आणि त्या मण्यांचं ती सोनं करायची. दारावरची तोरणं, तांब्यावरची झाकणं, भिंतीवरचे मोर, देवाच्या चौरंगाची झालर, काय म्हणाल ते तिच्या सुईतून उतरायचं. चैत्रात तिच्या घरची गौर बघायला अख्खं गाव लोटायचं. गौरीचं दर्शन हे निमित्त, बायका यायच्या ती आरास बघायला.

पण द्वारकेला एक खोड होती. वाकडं काही दिसलं की तिला ते कुसळासारखं खुपायचं. शेजारणीच्या दारातली रांगोळी जरा चुकली की ही पदर खोचून खाली बसलीच. "अगं बाई, हे काय केलंस?" म्हणत पुसायची आणि पुन्हा काढून द्यायची. रांगोळी सुरेख व्हायची हो, त्याबद्दल वाद नाही. पण ती शेजारीण दुसऱ्या दिवसापासून द्वारका नदीवर गेली की मगच रांगोळीला बसायची. द्वारकेला याचा पत्ता नव्हता. तिला वाटायचं, आपण लोकांचं भलंच करतो.

तिला एक लेक होती, चिमा. पोर जेमतेम आठ-नऊ वर्षांची. आईच्या मांडीशी बसून मणी निवडायची, हिरवे हिरव्यात, लाल लालात. एका वर्षी फाल्गुन सरला तशी ही पोर दुपारची गायब व्हायला लागली. कुठं होतीस विचारलं तर ओठ दाबून हसायची. धान्याच्या कणगीमागं बसून तिचं काहीतरी चाललेलं असायचं. आईला कळू नये म्हणून सुईसुद्धा तिनं मावशीकडून मागून आणली होती.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी सकाळी ती परकराच्या ओच्यात काहीतरी झाकून आली आणि आईपुढं उघडून धरलं.

"आई, बघ! दाराला लावायचं. सगळं मी एकटीनं केलंय."

मण्यांचं तोरण होतं ते. पांढऱ्या मण्यांत तीन हिरवे पोपट. एक मोठा, एक मधला आणि एक चिमुकला, मोठ्याच्या अगदी पोटाला चिकटलेला. मोठ्या पोपटाच्या चोचीवर चार पांढरे आणि एक लाल मणी गोळा करून ओवले होते. खालची कड नागमोडी गेली होती, आणि एका टोकाला दोरा सैल पडून मणी लोंबत होते.

द्वारकेनं कौतुकानं तोरण हातात घेतलं. आपल्या पोरीनं सुई धरली! पण दुसऱ्याच क्षणी नजर त्या कडेवर गेली. उद्या संध्याकाळी पाटलीणबाई यायच्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच कासारआळीत पाऊल टाकणार होत्या. त्यांच्या डोक्यावर हे असलं तोरण?

"छान आहे हं. ठेव तिथं," ती म्हणाली. "आधी जा बघू, गावात हळदीकुंकवाचं बोलावणं करून ये."

पोर नाचत गेली. घरोघरी कुंकू लावून बोलावणं केलं, आणि प्रत्येक घरी न विचारता सांगितलं, "मी तोरण केलंय. बघायला नक्की या हं!"

इकडे द्वारकेनं सूप ओढलं, तोरण मांडीवर घेतलं आणि दोरा तोडला. मणी सुपात तडतड सांडले. ती मोठ्या पोपटाशी आली तेव्हा थांबून हसली. "वेडी गं वेडी! पोपटाला कधी नथ असते होय?" असं म्हणून तिनं ते पाच मणी उपटून बाजूला टाकले. मग बसल्या बैठकीला सगळं तोरण नव्यानं ओवलं. तिन्ही पोपट एका मापाचे, एका रांगेत, सारख्या अंतरावर. कड अशी सरळ की त्यावर पाणी ठेवलं तर सांडू नये. दिवस मावळायच्या आत तोरण दारावर चढलं.

चिमा परत आली ती घामाघूम होऊन. दारात थबकली. मान वर करून तिनं तोरणाकडं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आई, माझं कुठंय?"

"अगं, हेच की तुझं. जरासं नीट केलं. आता कसं देखणं दिसतंय!"

चिमा मावशीची सुई परत द्यायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. पन्हं घेतलं, आंब्याची डाळ खाल्ली, ओटीत भिजवलेले हरभरे घेतले. निघताना दाराशी थांबल्या. "काय सुबक तोरण आहे हो! तुमच्याच हातचं?"

इथं द्वारकेचं मन मोठं झालं, खोटं कशाला सांगा. श्रेय तिनं स्वतःकडं घेतलं नाही. "नाही बाईसाहेब, आमच्या चिमीनं केलं."

सगळ्या बायकांनी पोरीचं तोंडभरून कौतुक केलं. पाटलीणबाईंनी तिला खण दिला. चिमानं हात पुढं केलाच नाही. द्वारकेनं तिला मागून हळूच चिमटा काढला, "घे की! नमस्कार कर." तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि खण घेतला. तो तिनं पुढं कधी शिवला नाही.

त्यानंतर चिमानं सुई धरली नाही. द्वारका बोलावायची, "ये, तुला मोर शिकवते." पोर म्हणायची, "तूच कर आई. तुझं छान होतं." बोलण्यात राग नसायचा, रुसवा नसायचा. मणी निवडून द्यायची आणि उठून जायची. द्वारकेला वाटलं, पोरीला आवड नाही, नसते एकेकाला. पुढं चिमाच्या लग्नात रुखवत मांडलं ते सगळं द्वारकेच्या हातचं. व्याह्यांनी वाखाणलं, वऱ्हाडानं वाखाणलं. नवरी मांडवात खाली मान घालून बसली होती.

वर्षं गेली. कासार वारला. द्वारकेच्या नाकातली नथ उतरली. पाठोपाठ डोळ्यांपुढं धुकं दाटलं आणि एक दिवस ते धुकंच कायमचं राहिलं. सुईचं नेढं दिसेना, मग सुई दिसेना, मग हात दिसेना. जिच्या घरी चैत्रात बायका मावत नसत, तिच्या दारात चिटपाखरू फिरकेना. शेवटी चिमा गाडी घेऊन आली आणि आईला आपल्या घरी घेऊन गेली. द्वारकेनं बरोबर दोन लुगडी घेतली आणि ते जुनं पोपटांचं तोरण घेतलं. लेकीच्या दाराला लावावं, एवढीच तिच्या मनाला आस होती.

चिमानं आईचं काही कमी केलं नाही. वेळेवर न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला, अंथरूण उन्हाला टाकलं. पण द्वारका दारापाशी गेली आणि तिनं चौकटीवरून हात फिरवला, तर चौकट उघडी. भिंतींवरून हात फिरवला, भिंती कोऱ्या. चैत्र आला तरी घरात ना मखर, ना झालर. साध्या पाटावर गौर बसली, दोन फुलं वाहिली, झालं.

म्हातारीला राहवेना. "चिमे, कासारणीची लेक तू! आणि दाराला एक तोरण नाही? लोक काय म्हणतील?"

"मला येत नाही ना, आई."

"येत नाही काय? लहानपणी केलं नव्हतंस? हे बघ, जपून आणलंय मी. तुझंच तोरण. लाव दाराला."

चिमा भाकरी थापत होती. थापता थापता तिचे हात थांबले.

"ते माझं नाही, आई. माझं तू सुपात ओतलंस." ती सावकाश बोलत होती, जुनी गोष्ट सांगावी तशी. "माझ्यात मधला पोपट बाबा होते. बारका होता ती मी. आणि मोठा होता ना, ज्याला नथ घातली होती, ती तू होतीस. मी तुझ्या कुशीत बसले होते."

 द्वारका म्हणाली, "मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"तू विचारलंच नाहीस," चिमा म्हणाली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती उलटायला ती वळली.

म्हातारी ओसरीवर येऊन बसली. तोरण मांडीवर पसरून ती बोटांनी चाचपू लागली. कुठंतरी एखादा दोरा सैल असेल, एखादा मणी लेकीनं ओवलेला राहून गेला असेल, म्हणून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा उलटी आली. कड सरळ होती. अंतर सारखं होतं. पहिल्या पोपटाच्या चोचीवर तिनं बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. नथ कुठंच नव्हती. नकळत तिचा हात आपल्या रिकाम्या नाकाशी गेला आणि तिथंच राहिला.

आतून चिमानं जेवायला हाक मारली. म्हातारी उठली नाही. तिची बोटं पुन्हा पहिल्या पोपटापासून सुरू झाली. तिन्ही पोपट अगदी एकसारखे होते.

तात्पर्य: लेकरानं मायेनं केलेली वस्तू हाती आली की त्यात काय आहे ते आधी विचारावं, आणि वाकडी असली तरी तशीच दाराला लावावी. ती सरळ करायला गेलं, तर वस्तू सुधारते आणि माया उसवून जाते.