डुमकीचा झुला करपला

भाताच्या खाचरात एक बेडकी राहायची. केवढी? नखाएवढी! तिचं नाव डुमकी. भाताचं एक लांब पान, तोच तिचा झुला.

एका सकाळी डुमकी झुल्यावर बसली.
कट्! पान मोडलं.
थप्प! डुमकी पडली.

पानावर तपकिरी डाग. डोळ्यांसारखे! तो होता करपा. भाताच्या पानांचा आजार.

डुमकी रोपाला म्हणाली,
"रोपा रोपा, पालव ना!
झुला माझा झुलेना!"
रोप म्हणालं, "मी आजारी. पाय कोरडे. पाणी थांबलं तर पालवेन. जा!"

डुमकी निघाली, टुण टुण टुण.
"पाण्या पाण्या, थांब ना!
रोप काही पालवेना,
झुला माझा झुलेना!"
पाणी म्हणालं, "बांधाला भोक. मी पळणारच, झुळझुळ! बांध बुजला तर थांबेन. जा!"

टुण टुण टुण.
"बांधा बांधा, बूज ना!
पाणी काही थांबेना,
रोप काही पालवेना,
झुला माझा झुलेना!"
बांध म्हणाला, "खेकडा मला पोखरतो. तो निघाला तर बुजेन. जा!"

टुण टुण टुण.
"खेकड्या खेकड्या, नीघ ना!
बांध काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
रोप काही पालवेना,
झुला माझा झुलेना!"
खेकड्याने नांग्या वाजवल्या, कट कट कट. "शेतमालकीण काकू मला हाकलत नाही. मग मी का निघू? जा!"

डुमकीचे गाल फुगले. "सगळे नुसते म्हणतात, जा! काम कुणी करेना!"

ते शेत शेवंतीकाकूचं. काकू बांधावर आली. कडेवर पांढऱ्या खताची टोपली.

"काकू काकू, हाकल ना!
खेकडा काही निघेना,
बांध काही बुजेना,
पाणी काही थांबेना,
रोप काही पालवेना,
झुला माझा झुलेना!"

"थांब गं बाई! रोप आजारी आहे. त्याला अजून खत घालते. मला वेळ नाही. जा!"

डुमकी हलली नाही. "काकू, पोराला ताप आला की काय देतेस? लाडू की पेज?"
"पेज."
"मग रोपाला लाडवांवर लाडू का? इतकं खत घातलंस की करपाच माजतो!"
"अगंबाई! खरंच की!"

काकूने टोपली खाली ठेवली. डागाळलेली पानं खुडली, चुलीत जाळायला बाजूला ठेवली. मग पदर खोचला.

काकूने हाकललं, हुर्र हुर्र!
खेकडा निघाला, तुरुतुरु.
काकूने चिखल लिंपला, थाप थाप. बांध बुजला.
पाणी थांबलं, डुबुक!
रोप प्यायलं, गट गट गट.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. आठ दिवस गेले.
रोप पालवलं! नवं पान आलं. लांब, हिरवं, एकही डाग नाही.

काकू म्हणाली, "डुमके, हे पान तुझं बरं का. बस!"

डुमकी बसली. पान वाकलं. पान झुललं.
झुई... झुई... झुई...

सगळ्यांना विनवून विनवून डुमकीचा घसा बसला होता. ती एवढंच म्हणाली,
"हुश्श!"